मदत हवी आहे : गच्चीवरील झाडांच्या पानांच्या कडा करपत आहेत, कोणते खत द्यावे?

गच्चीकर_लातूर : नमस्कार. लातूरला आमच्या गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत. उन्हाळा सुरू झाल्यापासून पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन करपत आहेत. घेवडा गेलाच, लिंबाची पाने गळत आहेत आणि कढीपत्त्याला फुटवा आला तरी तो वाढण्याआधीच वाळतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे, त्यामुळे घरातील थेंबही आम्ही वाया जाऊ देत नाही आणि झाडांना पाणी रोज वेळेवर मिळते. उद्या बाजारात जायचे आहे, तरी कोणते खत आणावे एवढेच आज कळवावे.

मोगरा_पुणे : एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) आणा. एक लिटर पाण्यात एक चमचा मिसळून फवारले की माझ्या गुलाबांची पिवळी पाने पुन्हा हिरवी होतात.

बांधावरचा : विकतचे काहीही आणू नका. देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती यांचे जीवामृत करा. कुंडीतली माती जिवंत झाली की रोग आपोआप हटतो.

माती_परीक्षक : ताई किंवा दादा, खताचे नाव सांगण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. पाणी कोणते घालता, कुंडीच्या तळातून ते बाहेर पडते का, आणि मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो का? मॅग्नेशियम कमी पडले तर जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. येथे टोके आणि कडा करपत आहेत, त्यामुळे एप्सम सॉल्टची घाई करू नये.

गच्चीकर_लातूर : दादाच. पाणी साधेच, स्वयंपाकघरातले. पांढरा थर आहे, पण तो चुन्याचा असावा असे समजून मी दर आठवड्याला खरवडून काढतो. खताचे राहूनच गेले.

कुंडीतली_शेती : स्वयंपाकघरातले म्हणजे नेमके कोणते? भांडी घासलेले, तांदूळ धुतलेले की फिल्टरचे?

गच्चीकर_लातूर : आरओ फिल्टरमधून वाया म्हणून बाहेर पडणारे. बोअरचे पाणी त्याशिवाय पिता येत नाही, आणि पिण्याच्या एका लिटरमागे तीन लिटर पाणी गटारात सोडणे मला पटत नाही. प्रत्येक कुंडीखाली ताटली आहे. तीत उतरलेले पाणीही मी संध्याकाळी पुन्हा त्याच कुंडीत ओततो. फिल्टर बसवणाऱ्याने बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ९०० दाखवला होता.

माती_परीक्षक : मग कारण बहुतेक हेच आहे. चार लिटर पाण्यातील जवळजवळ सगळे क्षार त्या तीन लिटरांत उतरतात, म्हणजे ९०० चे पाणी झाडापर्यंत सुमारे १२०० होऊन पोहोचते. त्यापुढे झाड पाणी शोषते, ऊन पाणी उडवते आणि क्षार मातीतच राहतात. थोडेफार क्षार तळातून निघून गेले असते, पण ताटलीतील पाणी परत ओतल्यामुळे तीही वाट बंद झाली. घेवडा आणि लिंबू ही खारे पाणी सर्वांत कमी सोसणारी झाडे, म्हणून तीच आधी गेली. आता रासायनिक खत देणे म्हणजे मातीत आणखी क्षार घालणे होय. जीवामृतानेही साचलेले क्षार कमी होणार नाहीत.

मोगरा_पुणे : हे मला मान्य नाही. मी कित्येक वर्षे आरओचे वाया जाणारेच पाणी घालते आहे आणि माझा मोगरा बहरलेला आहे. उगाच लोकांना घाबरवून पाणी गटारात सोडायला लावू नये.

माती_परीक्षक : आपण खडकवासल्याचे पाणी वापरता. ते मुळातच इतके कमी क्षारांचे आहे की फिल्टरमधून बाहेर पडणारे पाणीही झाडांना चालते. आपला अनुभव खराच आहे, फक्त तो बोअरच्या पाण्याला लागू पडत नाही.

बांधावरचा : कुंडीत मातीचे मडके पुरून त्यात पाणी भरावे. निम्मे पाणी वाचते.

कुंडीतली_शेती : वाफ्यात मडके उत्तमच, पण बारा इंची कुंडीत मडके बसवल्यावर मुळांना जागा कुठे उरणार? शिवाय खाऱ्या पाण्याने मडक्याची छिद्रे बुजतात. त्यापेक्षा उसाच्या पाचटाचे किंवा सुक्या पाल्याचे दोन इंच आच्छादन करावे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणणार असाल तर आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा. न धुतलेल्या कोकोपीटमध्येही क्षार असतात.

गच्चीकर_लातूर : कारण पटले. पण मे महिन्यात तीस कुंड्या धुण्याएवढे पाणी मी कोठून आणू? आणि फिल्टरचे पाणी फेकायचेच का?

माती_परीक्षक : फेकू नका, ते शौचालयात आणि फरशी पुसायला वापरा. झाडांना डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी द्या. तेही बोअरचेच असेल, पण १२०० पेक्षा बरे. सगळ्या कुंड्या आता धुण्याची गरज नाही. मांजरा धरणाचे नळाचे पाणी येईल त्या दिवशी फक्त लिंबू आणि कढीपत्ता घ्या, कुंडीत जेवढी माती आहे साधारण तेवढेच पाणी सावकाश, थांबून थांबून सोडा, आणि तळातून निघालेले पाणी त्या कुंडीत पुन्हा जाऊ देऊ नका. ताटल्या आजच काढा. पांढरा थर खरवडताना वरची बोटभर मातीही काढून टाका. बाकीच्या कुंड्या पावसाळा सुरू झाला की उघड्यावर ठेवा. पन्नास चौरस मीटर गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी ५०० लिटर पाणी होते. पहिल्या पावसाने गच्ची धुऊन निघू द्यावी आणि त्यानंतरचे पाणी पिंपात धरावे.

बोअरवाला_बार्शी : आमच्याकडे फिल्टर नाही, पण बोअरवर पाणी मऊ करणारे यंत्र बसवले आहे. ते पाणी चालेल का?

माती_परीक्षक : नाही. ते यंत्र कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडते. साबणाला फेस चांगला येतो, पण माती घट्ट बसते आणि मुळांना सोडियम बाधतो. यंत्राच्या आधी नळीला एक तोटी काढून घ्या आणि झाडांना तेथलेच पाणी द्या.

गच्चीकर_लातूर : ताटल्या काढल्या. घेवड्याच्या कुंडीत आता काय लावू?

कुंडीतली_शेती : माती बदलून पालक किंवा बीट लावा, ही घेवड्यापेक्षा खारेपणा बराच अधिक सोसतात. मात्र ऊन उतरेपर्यंत थांबा आणि बी पावसाच्या पाण्यावरच रुजवा, कारण कोवळ्या रोपाला तेवढाही खारेपणा सोसत नाही.