प्रतिसाद: क्रिएटिनिन १.१, तरी ‘नॉर्मल’ नाही

पेठच्या ताई, वहिनीला सातवा महिना आणि क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा) १.१, लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून त्यावर विसंबू नका. गरोदरपणात किडनी जास्त रक्त गाळते, म्हणून हा आकडा तेव्हा सहसा ०.४ ते ०.८ पर्यंत उतरतो. १.१ म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, गरोदरपणात बीपी वाढून किडनीला इजा करणारा आजार, असू शकतो. आजच बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. बीपी १४०/९० किंवा जास्त, डोकं ठणकणं, चेहऱ्यावर सूज, दिवसभरात अर्ध्या लिटरहून कमी लघवी, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करून नाशिक गाठा. घाटरस्ता आहे, रात्रीवर ढकलू नका. कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक तर अजिबात नको, किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटतो. याच आजारात वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं, वाढ खुंटते, कधी वेळेआधीच प्रसूती करावी लागते.