गुडघ्यावरची चिकटपट्टी कडेने सुटते; दोष चिकटद्रव्याचा की रचनेचा?

प्रश्न

मी उत्पादन-अभिकल्पाचा विद्यार्थी असून गुडघा, कोपर आणि बोटांचे सांधे यांवर टिकेल अशी जखमेची चिकटपट्टी हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. पॉलियुरेथेनच्या फिल्मवर ॲक्रिलिक चिकटद्रव्याचा थर देऊन केलेले नमुने हाताच्या सपाट भागावर उत्तम टिकतात. मात्र गुडघ्यावर लावल्यास थोडीशी उठबस होताच वरची आणि खालची कड उचलली जाते. चिकटद्रव्याचा थर वाढवल्यास पट्टी टिकते खरी, पण ती काढताना त्वचा लाल होते. चिकटद्रव्य आहे तेच ठेवून केवळ रचनेत बदल केल्यास हा प्रश्न सुटेल काय?

उत्तर १

सुटेल, आणि माझ्या मते तो तिथेच सोडवायला हवा. गुडघा वाकवताना समोरची त्वचा लांबीच्या दिशेने ३० टक्के किंवा त्याहूनही अधिक ताणली जाते. तिला चिकटलेली फिल्मही तितकीच ताणली जाते आणि तिच्यात ऊर्जा साठत जाते. दर एकक क्षेत्रफळामागे साठणारी ही ऊर्जा ढोबळमानाने फिल्मचा ताठरपणा, तिची जाडी आणि ताणाचा (म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेल्या वाढीचा) वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. त्वचेपासून फिल्म सोडवण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा ही साठलेली ऊर्जा अधिक झाली की कड सुटू लागते, आणि एकदा सुरुवात झाली की ती भेग आत सरकत जाते. जाडी निम्मी केल्यास ऊर्जा निम्मी होते; ताण निम्मा केल्यास ती एक चतुर्थांशावर येते. त्यामुळे चिकटद्रव्याच्या मागे लागण्याआधी फिल्म किती मऊ आणि किती पातळ करता येते, ते पाहावे. पारदर्शक ड्रेसिंगच्या फिल्म सुमारे २५ ते ५० मायक्रॉन जाडीच्या असतात, त्या काही उगाच नव्हे.

दुसरा उपाय फिल्मला छेद देण्याचा. एमआयटी या अमेरिकेतील तंत्रज्ञान संस्थेतील रुइके झाओ, शुआनहे झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘सॉफ्ट मॅटर’ या नियतकालिकात किरिगामी, म्हणजे कागद कापून आकार घडवण्याच्या जपानी कलेच्या धर्तीवर छेद दिलेल्या फिल्मचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुडघा वाकला की जिथे वाक सर्वाधिक असतो तिथले मधले छेद उघडत, तर कडेचे छेद मिटलेलेच राहत. त्यामुळे ताण मध्येच मोकळा होऊन कडेपर्यंत पोहोचत नसे. अशी फिल्म गुडघा १०० वेळा वाकवल्यावरही चिकटून राहिली, तर छेद नसलेली एकदा वाकवताच सुटली.

कोपरे गोल ठेवा, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर २

मी ड्रेसिंग करण्याच्या कामात आहे, म्हणून वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. गुडघ्यावरची जखम बहुधा नेमकी वाटीवर असते, म्हणजे जिथे छेद सर्वाधिक उघडणार तिथेच. उघडलेल्या छेदातून पाणी आणि जंतू आत जाणार असतील, तर ती पट्टी टिकाऊ ठरली तरी ड्रेसिंग म्हणून निरुपयोगी आहे. गरम शेक देणारा पॅड किंवा वेदनाशामक पट्टी असेल तर छेद खुशाल द्यावेत. उघड्या जखमेसाठी मात्र मधला शोषक भाग आणि त्याभोवतीची सलग चिकट चौकट अखंड हवी आणि छेद त्यापलीकडच्या पंखांत असावेत.

पट्टी कशी लावली जाते यावरही पुष्कळ अवलंबून असते. पाय सरळ ठेवून लावलेली पट्टी पहिल्याच वाकवण्यात ताणली जाते. सांधा थोडा वाकवून लावल्यास हा ताण दोन्ही स्थितींत विभागला जातो. पुष्कळ जण घट्ट बसावी म्हणून पट्टी ओढून लावतात, ते सर्वांत वाईट. ओढलेली फिल्म मूळ लांबीकडे परतू पाहते, कडेखालच्या त्वचेला सतत आडवा खेच बसतो, आणि सूज येणाऱ्या सांध्यावर अशाने फोडही येतात. पट्टी न ओढता लावली जाईल असा पाठीमागचा संरक्षक कागद तयार करता आला, तर तो तुमच्या प्रकल्पाचा अर्धा भाग समजावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. शोषक भाग अखंड ठेवायचा म्हटले तर तोच सर्वांत ताठर होतो. तो कोणत्या दिशेने ठेवावा?

उत्तर ३

त्वचा सर्व दिशांना सारखी ताणली जात नाही. सांधा हलतानाही ज्यांची लांबी जवळजवळ बदलत नाही अशा रेषा शरीरावर असतात. अमेरिकन संशोधक आर्थर आयबेरॉल यांनी १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या पोशाखासारख्या दाबयुक्त पोशाखांच्या अभिकल्पासाठी त्यांचा वापर सुचवला होता. गुडघ्यावर पेनने छोट्या वर्तुळांची जाळी काढून पाय वाकवा. प्रत्येक वर्तुळाचे लंबवर्तुळ होईल. मूळ वर्तुळाचा जो व्यास वाकवल्यावरही तेवढाच राहतो त्याची दिशा नोंदवा, आणि शोषक भागाची लांब बाजू व ताठर भाग त्या दिशेला ठेवा.

आणखी एक अडचण उरते. साधी फिल्म लांबीला ताणली की रुंदीला आखडते, त्यामुळे घुमटाकार गुडघ्यावर तिच्या बाजूच्या कडाही आत ओढल्या जातात. लांबीला ताणल्यावर रुंदीलाही पसरेल असा छेदांचा नमुना निवडल्यास ती घुमटावर अधिक सहज बसते.

चाचणीबद्दल माझा आग्रह असा की, स्टीलच्या पट्टीवरून मिनिटाला सुमारे ३०० मिलिमीटर वेगाने सोलण्याच्या नेहमीच्या चाचणीवर विसंबू नये. ती चिकटद्रव्याची तुलना करते. सांध्यावर पट्टी किती टिकेल, ते तीतून कळत नाही. त्वचेसारख्या मऊ सिलिकोनचा घुमट करून तो वारंवार ताणावा, आणि निम्म्या चाचण्या पृष्ठभाग ओलसर ठेवून घ्याव्यात. कोरड्या पृष्ठभागावर उत्तम टिकलेले नमुने घामापुढे हार मानतात, आणि तिथे फिल्ममधून बाष्प किती वेगाने बाहेर पडते हे छेदांइतकेच महत्त्वाचे ठरते.