मदत हवी आहे: बारा वर्षांच्या मुलीला ग्रुपवर कसं वागायचं ते कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी सातवीत आहे. शाळेचा गृहपाठ, क्लासच्या बदललेल्या वेळा, रिक्षाकाकांचे निरोप, सगळं व्हॉट्सॲपवरच येतं. म्हणून घरातल्या जुन्या फोनमध्ये माझं दुसरं सिम घालून तो तिला दिलाय. स्वतःचं खातं उघडायला किमान १३ वर्षांची अट आहे, त्यामुळे खातं माझ्या नावावर आहे. मी ते अधूनमधून वाचते हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. फोन किती वेळ हातात असतो याबद्दल माझी तक्रार नाही, ते गणित आमचं बऱ्यापैकी बसलंय. प्रश्न वेगळाच आहे.

वर्गातल्या मुलांनी स्वतःचा एक ग्रुप केलाय. शिक्षक नाहीत, पालक नाहीत. नंबर बहुतेक आयांचे, म्हणजे यादीत दिसतात साडीतल्या बायका आणि आत बोलतात सातवीतली पोरं. गॅदरिंगच्या दिवशी त्यातल्या कुणीतरी एका मुलीचा फोटो काढला. कोळीनृत्य संपवून ती विंगेत उभी राहून वडापाव खात होती. गाल फुगलेले, डोळे अर्धवट मिटलेले, काजळ उतरलेलं. रात्रीपर्यंत त्याचा स्टिकर तयार! मग कुणी गुड नाइट म्हटलं की तो स्टिकर, कुणी गणिताचा पान नंबर विचारला तरी तोच स्टिकर. त्या मुलीने आधी स्वतःही एक हसरा चेहरा टाकला. थोड्या वेळाने लिहिलं, ‘बास ना आता’. खाली लगेच चार वेळा तोच स्टिकर. मग तिने लिहिलं, ‘प्लीज काढा ना, हा फोन पप्पांचा आहे, ते बघतील’. आणि त्याच्या बरोब्बर खाली माझ्या मुलीचे तीन हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे.

मी तिला शांतपणे विचारलं. तर म्हणाली, "मी कुठे बनवला? मी टाकलाही नाही. मी फक्त हसले. सगळेच हसत होते."

मला या उत्तराने झोप लागली नाही. पोरगी वाईट नाही हो. घरी कुणी आलं की न सांगता पाणी आणून देते. रिक्षातून उतरताना ‘येते काका’ म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नाही. हीच मैत्रीण तिच्यासमोर रडायला लागली असती तर दप्तर टाकून धावली असती. म्हणजे संस्कार आहेत, पण ते स्क्रीनवर पोचत नाहीत, कारण तिथे समोरच्याचा चेहरा दिसत नाही. ही न दिसणारी माणसं तिला कशी दाखवू, एवढीच माझी अडचण आहे.

आणखी एक, तुलनेने साधं. तिची आजी नांदेडला असते. ती सावकाश टाइप करून सविस्तर निरोप पाठवते, ‘पेपर कसे गेले, डबा खातेस का, सर्दी गेली का’. नातीचं उत्तर एका अक्षराचं, ‘के’. आजी काही बोलत नाही, पण मला वाचवत नाही.

नवऱ्याचं म्हणणं, फोन काढून घे, विषय संपला. मला ते मान्य नाही. दोन-तीन वर्षांनी तिच्या हातात स्वतःचा फोन येणारच आहे आणि तेव्हा तो मला वाचता येणार नाही. शिकवायचं तर आत्ताच. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद: खडूफळा

मी उच्च प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. हे प्रकार दर वर्षी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘मी फक्त हसले’ यावर तिला रागावू नका, पण ते सोडूनही देऊ नका. स्टिकर बनवणारा एक असतो आणि हसणारे पंचवीस. ज्याचा फोटो आहे ते मूल रात्री ती पंचवीस नावंच वाचत बसतं. मुलीला ग्रुप उघडायला लावा, तो संवाद वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायला सांगा, मात्र त्या मैत्रिणीच्या जागी बसून. मध्ये काही बोलू नका. ‘पप्पा बघतील’ या ओळीशी पोचल्यावर बहुतेक मुलांचा आवाज बदलतो. तुमच्या भाषणाची गरज उरत नाही.

माफी ग्रुपवर मागायला लावू नका, तिथे तिचाही तमाशा होईल. मधल्या सुट्टीत, समोरासमोर. ग्रुपवर तिने एवढंच लिहावं: ‘तिला आवडत नाहीये, हा स्टिकर आता कुणी टाकू नका.’ असं पहिलं वाक्य कुणीतरी लिहिलं की दोघं-तिघं मागून येतात, हे मी अनेकदा पाहिलंय. पहिलं लिहिणं अवघड असतं. ते तिने लिहिलं तर तिचं मनापासून कौतुक करा.

एक तांत्रिक गोष्ट मुलांना माहीत नसते. मेसेज ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायला साधारण अडीच दिवस मिळतात, ग्रुपचा ॲडमिन इतरांचेही मेसेज काढू शकतो. पण स्टिकर ज्याने आवडत्यांत साठवून ठेवला, त्याच्याकडे तो राहतोच. म्हणून ‘काढून टाकला’ म्हटल्याने काम संपत नाही, प्रत्येकाने आपापल्या फोनमधून काढावा लागतो. हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलं खरोखर गप्प झाली होती, त्यांना वाटत होतं डिलीट म्हणजे गेलं.

वर्गात मी एक खेळ घेते, घरीही जमेल. चिठ्ठीवर लिहायचं, ‘उद्या तू नाही आलीस तरी चालेल’. एकाने ते प्रेमाने वाचायचं, म्हणजे ताप आहे, आराम कर. दुसऱ्याने फणकाऱ्याने. मग विचारायचं, मेसेजमध्ये यातलं कोणतं पोचलं? मुलं आपणहून म्हणतात की अशा वेळी एक ओळ जास्त लिहायला हवी किंवा सरळ फोन करायला हवा.

प्रतिसाद: नदीकाठ

खडूफळा यांना +१. फक्त नवऱ्याची बाजू अगदीच चुकीची नाही. आमच्याकडे दहावीपर्यंत फोन नाही, निरोप माझ्या फोनवर येतात, मी सांगतो. पोरगा काही मागे पडलेला नाही.

प्रतिसाद: चौथा मजला

आपण मोठे काय करतो तेही मुलं बघतात. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून जे चालतं ते माझा मुलगा माझ्या खांद्यावरून वाचत असतो. आणि फोटोंचं म्हणाल तर मुलांचा निकाल, आजारपण, रडका चेहरा, सगळं आपण त्यांना न विचारता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. मग ‘दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय टाकू नये’ हे त्यांनी कुठून शिकावं? आमच्या घरी आता नियम एकच आहे आणि तो चौघांनाही लागू आहे: फोटोतल्या माणसाला आधी दाखवायचा, तो ‘नको’ म्हणाला तर नाही टाकायचा. माझ्या लेकीने माझे दोन फोटो नाकारलेत आणि मी ते मुकाट्याने पुसलेत. त्यानंतर ती स्वतः मैत्रिणींना विचारायला लागली.

पुढे हा छळ वाढला, धमक्या किंवा घाणेरडे फोटो असं काही आलं, तर मात्र स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि शाळेला लेखी कळवा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, सायबर गुन्ह्यांची तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते.

प्रतिसाद: आजीबाई

‘के’चं सांगते. नातवंडांना लिहायचा कंटाळा असतो, बोलायचा नसतो. माझ्या नातवाला मी म्हटलं, तू मला आवाज पाठव, मला चष्मा शोधावा लागत नाही. आता तो बसमधून दोन-दोन मिनिटं बोलतो, मागे कंडक्टर ओरडत असतो, मला तेही आवडतं. फक्त व्हिडिओ कॉल लावायच्या आधी ‘आजी, लावू का?’ असं विचारायला शिकवा. मी डोक्याला तेल लावून बसलेली असते आणि पलीकडे त्याचे चार मित्र!

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूफळा, तुम्ही म्हणालात तसं मोठ्याने वाचायला लावलं. ‘बास ना आता’ पर्यंत नीट वाचलं, पुढच्या ओळीला थांबली आणि म्हणाली, "मला वाटलं ती पण हसतेय, तिने आधी हसरा चेहरा टाकला होता ना." मला हे सुचलंच नव्हतं की तो पहिला चेहरा तिने खरा धरला. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो, की सगळ्यांसमोर कानकोंडं झालं की माणूस आधी हसूनच घेतो.

मैत्रिणीला ती शाळेत भेटली, काय बोलल्या ते मी विचारलं नाही. ग्रुपवर लिहायला मात्र घाबरतेय. म्हणते, मग माझाच स्टिकर बनवतील. तिची भीती मला खोटी वाटत नाही, त्यामुळे जबरदस्ती करणार नाही. आजीला आवाज पाठवणं कालपासून सुरू झालंय.

नदीकाठ, तुमचा निर्णय तुमच्या घरी चालतोय हे चांगलंच आहे, पण आमच्याकडे निरोप दुपारी येतात आणि तेव्हा मी कामावर असते.

आता पुढचा प्रश्न. ग्रुपचा ॲडमिन वर्गातलाच एक मुलगा आहे, नंबर त्याच्या आईचा. मी तिला ओळखते, फार नाही. तिला सरळ फोन करून मेसेज काढायला सांगावं, की आधी वर्गशिक्षिकांशी बोलावं? शिक्षिकांकडे गेले तर मुलीला ‘चुगलीखोर’ म्हणतील, आणि त्या आईला फोन केला तर तिच्या मुलावर आरोप केल्यासारखं वाटेल. कुणी असा फोन केला असेल तर सुरुवात कशी केली ते सांगाल का?