शब्दचर्चा : 'एकेश्वरवादी' म्हटलं की तिघांचा 'एक' सारखाच होतो का?

रावपुरा

(इथे लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी ज्याचा त्याचा बडोद्यातला भाग आहे.) बडोद्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यासाठी चारपानी टिपण तयार होतंय. त्यातलं हे वाक्य तपासायचं आहे :

'यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम हे तिन्ही एकेश्वरवादी धर्म. ख्रिस्ती लोक त्रिमूर्ती मानतात व येशूला देवाचा अवतार समजतात. मुसलमान अल्ला नावाच्या देवाला मानतात.'

'त्रिमूर्ती', 'अवतार' आणि 'अल्ला नावाच्या देवाला' या तीन जागा खटकतात. नेमकं काय चुकतंय आणि तिथे काय बसेल?

दांडिया बाजार

चौथी जागा तुमच्या नजरेतून सुटली : 'एकेश्वरवादी'. शब्द चुकीचा नाही, पण तो तिघांवर एकच चादर टाकतो आणि खाली काय आहे ते दिसत नाही.

यहुद्यांच्या हिब्रूतल्या शमा प्रार्थनेचं पहिलं वाक्य ('अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं, ६:४) 'एहाद' या शब्दावर संपतं. एहाद म्हणजे मोजणीतला साधा 'एक'. तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, हस्तलिखित गुंडाळीत या शब्दातलं शेवटचं अक्षर, दालेत, मुद्दाम मोठं काढतात. दालेत आणि रेश ही दोन अक्षरं दिसायला सख्ख्या बहिणी. दालेतचा कोपरा जरा गोल झाला की ते रेश होतं आणि एहादचं 'अहेर' होतं. अहेर म्हणजे 'दुसरा'. (लग्नातल्या आहेराशी याचा संबंध नाही.) 'परमेश्वर एक' लिहायला बसलेल्याच्या हातून 'परमेश्वर दुसरा' लिहिलं जाऊ नये, असं त्या मोठ्या अक्षराचं एक कारण सांगतात. त्याच वाक्यातल्या 'शमा' या शब्दाचं शेवटचं अक्षर आयिन हेही मोठं असतं; दोन्ही मिळून 'एद', म्हणजे 'साक्षीदार', असं वाचायची प्रथा आहे.

उच्चाराबद्दल : आजच्या इस्रायलमध्ये हा शब्द 'एखाद'सारखा ऐकू येतो. तुम्ही मात्र 'एहाद'च लिहा. मराठी वाचकाला 'एखाद' दिसलं की 'एखादा देव' आठवेल, म्हणजे असेल कुठला तरी, आणि अर्थ नेमका उलटा होईल.

अरबी 'अहद' याच घराण्यातला. कुराणाच्या ११२व्या सूरेत, सूरा इख्लासमध्ये, चारच आयती (वचनं) आहेत; पहिलीत हा शब्द येतो. मोजणीच्या एकाला अरबीत 'वाहिद' आहे. 'अहद' एरवी बहुधा नकारी वाक्यात येतो, 'कोणीही नाही' अशा अर्थाने. होकारी वाक्यात तो अल्लाहसाठी आला, तेव्हा भाष्यकारांनी अर्थ लावला : ज्याच्यापुढे 'दोन' मोजताच येत नाही असा एक. इथे 'एकच'पेक्षा 'एकमेव' बरा. 'अद्वितीय' मला नको वाटतो. त्याला छांदोग्य उपनिषदाचा वास आहे. वाचक थेट अद्वैतात जाईल, आणि या तिन्ही धर्मांच्या मुख्य प्रवाहांत निर्माता वेगळा, निर्मिती वेगळी.

ख्रिस्ती 'एक'बद्दल फतेगंजवाल्यांनी लिहावं.

फतेगंज

'त्रिमूर्ती' आधी काढा. दत्तदर्शनाला गरुडेश्वरला जाणाऱ्या मराठी वाचकाला हा शब्द दिसला की तीन शिरं, सहा हात डोळ्यांपुढे येणार. शिवाय उत्पत्ती-स्थिती-लय अशी कामाची वाटणीही. ख्रिस्ती शिकवणीत अशी वाटणी नाही. जगाच्या संदर्भातली पित्याची, पुत्राची आणि पवित्र आत्म्याची कृती एकच मानली जाते. चर्चमध्ये 'त्रैक्य' किंवा 'त्रिएक देव' म्हणतात. टिपणात 'त्रैक्य' ठेवा.

शब्द बदलून भागत नाही, कारण खरी चूक पुढच्या स्पष्टीकरणात होते. 'एकच देव, तीन रूपं' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मराठी टिपणात सापडतं. नेमकं हेच मत तिसऱ्या शतकात साबेलियस या ख्रिस्ती शिक्षकाच्या नावावर जमा होऊन पाखंड ठरलं. पाणी-बर्फ-वाफ हा लाडका दाखलाही तिथेच जाऊन पडतो, कारण तेच पाणी आधी बर्फ, मग वाफ होतं. त्रैक्यात पिता हा कधीकाळी पुत्र 'होत' नाही. उलट बाजूने 'तीन देव' म्हटलं की एकेश्वरवादच संपला. तिसरी चूक एरियस या धर्मगुरूची : पुत्र हा देवाने सर्वांत आधी निर्माण केलेला. याला उत्तर देण्यासाठी इ.स. ३२५ ला निकेआची परिषद बसली आणि तिने ग्रीक शब्द योजला 'होमोऊसिओस', समान सत्त्वाचा. पुत्र 'जन्मलेला, निर्मिलेला नव्हे' हे तिथलंच. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने पवित्र आत्म्याबद्दलची बाजू भरली.

सूत्र असं : सत्त्व एक (ग्रीक ऊसिया), व्यक्ती तीन (हिपोस्तासिस, लॅटिनमध्ये पर्सोना). एक आणि तीन हे एकाच गोष्टीचे आकडे नाहीत, हे सांगितलं नाही तर वाचक 'एक बरोबर तीन कसे?' इथेच अडकतो.

'व्यक्ती' या शब्दाची गंमत बघा. आजच्या मराठीत तीन व्यक्ती म्हणजे तीन माणसं, त्यामुळे तीन देवांकडे कल. संस्कृतात व्यक्ती म्हणजे व्यक्त होणं. तो अर्थ धरला तर साबेलियसकडे कल. दोन्हीकडून घसरण. तरी रूढ तोच आहे, म्हणून ठेवावा आणि लगेच एक वाक्य जोडावं : 'व्यक्ती म्हणजे वेगळा देव नव्हे, आणि नुसतं रूपही नव्हे.'

'अवतार'च्या जागी 'देहधारण'. अवतार अनेक असतात, गरजेप्रमाणे होतात, कार्य संपलं की आवरले जातात, मत्स्य-वराहही चालतात. देहधारण एकदाच आणि माणसाचंच. पुनरुत्थानानंतरही ते मानवपण टाकलं जात नाही. ४५१च्या खाल्केदोन परिषदेने दोन स्वभाव, एक व्यक्ती असं ठरवलं : पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, मिसळ नाही, फारकत नाही. मराठी बायबलात 'शब्द देही झाला' असं आहे. 'देही आला' नाही, 'झाला'. सगळं त्या क्रियापदात आहे.

सयाजीगंज

त्रैक्यासाठी 'सच्चिदानंद' का नको? ब्राह्मो नेते केशवचंद्र सेनांनी १८८२ मध्ये तशी मांडणी केली होती, आणि ख्रिस्ती झालेल्या ब्रह्मबांधव उपाध्यायांनी १८९८ मध्ये त्यावर संस्कृत स्तोत्रच लिहिलं.

फतेगंज

स्तोत्र म्हणून सुंदर, व्याख्या म्हणून अडचणीचं. सत्, चित्, आनंद ही वाचकाला ब्रह्माची लक्षणं वाटतात, एकमेकांशी नातं असलेल्या व्यक्ती नव्हे. चित् सत्ला 'पित्या' अशी हाक मारत नाही. तळटीप म्हणून द्या हवं तर.

वाडी

आता तुमची तिसरी जागा. 'अल्ला नावाचा देव' हे 'वॉटर नावाचं पाणी' म्हटल्यासारखं झालं. बहुतेक भाषातज्ज्ञ 'अल' आणि 'इलाह' मिळून अल्लाह असं मानतात. अरबी बोलणारे ख्रिस्तीही अल्लाहच म्हणतात. त्यांच्या बायबलात उत्पत्तीच्या पहिल्याच ओळीत तो शब्द आहे. म्हणजे फरक नावाचा नाही, त्या नावाबद्दल काय बोलता येतं याचा आहे. तरीही मुसलमानांविषयी लिहिताना 'अल्लाह' राहू द्या. या शब्दाचं अनेकवचन होत नाही, स्त्रीलिंगही होत नाही, 'देव'चं मात्र देव-देवी-देवता सगळं होतं. शिवाय फारसी दास्तानांत 'देव' म्हणजे शिंगवाला राक्षस! त्या दास्तानांवर वाढलेल्या जुन्या उर्दू वाचकाला तुमचं वाक्य भलतंच वाटेल.

'शिर्क'चं भाषांतर 'मूर्तिपूजा' करतात, ते अपुरं आहे. मराठीत आपण 'शरीक होणे' म्हणतो, त्याच धातूचा हा शब्द : भागीदारी. अल्लाहच्या अधिकारात दुसऱ्याला भागीदार करणं. मूर्ती नसतानाही शिर्क होऊ शकतो. 'तौहीद' म्हणजे अल्लाहला एक मानणं, एक जाहीर करणं. 'एकत्व' म्हटलं की फक्त स्थिती उरते, मानणारा गळतो.

सूरा इख्लासची दुसरी आयत : 'अस्समद'. 'निरपेक्ष' लिहा : त्याला कोणाची गरज नाही, सर्वांना त्याची आहे. एका मसुद्यात 'निराधार' पाहिलं. आधार लागत नाही म्हणून निराधार, असा हिशेब असावा. पण मराठीत निराधार म्हणजे अनाथ. घोर चूक.

तिसरी आयत : 'लम यलिद व लम यूलद', त्याने जन्म दिला नाही, त्याला कोणी जन्म दिला नाही. धातू जन्माचा आहे. जुन्या मोडी दस्तांत बापाच्या नावाआधी 'बिन' किंवा 'वलद' यायचं ना, तेच हे दोन शब्द. अरबी ख्रिस्ती येशूसाठी 'इब्न' म्हणतात, बिनचं मूळ, त्यात नातं पुढे येतं. कुराण हा दावा नाकारताना बहुतेक वेळा 'वलद' घेतं, त्यात जन्म देणं पुढे येतं. ९:३० मध्ये मात्र 'इब्न'लाही नकार आहे, म्हणून हा नुसता शब्दांचा गैरसमज असं लिहू नका. ४:१७१ मध्ये येशूला 'अल्लाहचा शब्द' म्हटलंय आणि त्याच आयतीत 'तीन म्हणू नका' असंही बजावलंय.

इस्लामचंही एकच मत नाही. मुअतझिला या जुन्या विचारपंथाच्या मते अल्लाहचे गुण हे त्याच्या सत्तेहून वेगळे धरले तर अनादी गोष्टी अनेक होतात; अशअरी हा दुसरा पंथ म्हणतो, गुण आहेत, पण 'कसे' हे विचारू नका. शियांच्या इस्माईली शाखेतल्या चिंतकांनी तर 'तो आहे' हेही थेट म्हणायला नकार दिला आणि 'तो नाही' हेही खोडलं. अलवी बोहऱ्यांचं मुख्य ठाणं बडोद्यातच आहे आणि त्यांची परंपरा या इस्माईली शाखेतून आलेली. 'नेति नेति' म्हणून मोकळं होऊ नका. इथे नकाराचाही नकार आहे.

दांडिया बाजार

यहुदी बाजूच्या आणखी जागा सांभाळा.

'यहोवा' नको. मूळ नावात चार व्यंजनं : योद, हे, वाव, हे. ते नाव उच्चारत नाहीत. प्रार्थनेत 'अदोनाय' वाचतात, एरवी बोलताना 'हाशेम', म्हणजे 'ते नाव', म्हणतात. वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून त्या व्यंजनांना अदोनायच्या स्वरखुणा जोडल्या, आणि बाहेरच्यांनी दोन्ही एकत्र वाचल्यावर 'यहोवा' जन्मला. मराठीत 'परमेश्वर' सरळ चालतो. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठीच, तेव्हा हे टिपण यहुदी माणूसही वाचू शकेल असं धरून लिहा. त्याच कारणाने 'जुना करार' ऐवजी 'तनाख'. 'जुना' हे विशेषण नवा करार मानणाऱ्याचं आहे.

'पवित्र आत्मा' तर तिघांकडे आहे आणि तिघांकडे वेगळा. हिब्रू 'रूआह हाकोदेश' म्हणजे संदेष्ट्याला मिळणारी ईश्वरी प्रेरणा. ती वेगळी व्यक्ती नव्हे. ख्रिस्ती धर्मात तो त्रैक्यातला एक. कुराणातला 'रूह अल-कुदुस' बहुतेक भाष्यकारांच्या मते जिब्रील, म्हणजे देवदूत, म्हणजे निर्मित. 'तिन्ही धर्म पवित्र आत्मा मानतात' असं वाक्य आढळलं तर निर्दयपणे खोडा. 'पिता' शब्दाचंही पाहा. यहुदी प्रार्थनेत 'अविनू मलकेनू' आहे, आमच्या पित्या, आमच्या राजा. ख्रिस्ती प्रार्थना तर 'स्वर्गातील पित्या'नेच सुरू होते. इस्लाममध्ये अल्लाहला पिता म्हणत नाहीत; तिथे 'रब्ब' आहे, पोसणारा, पालनकर्ता धनी.

सयाजीगंज

व्याकरणाची एक खोच. हिब्रू 'एलोहीम' रूपाने अनेकवचनी, पण उत्पत्ती १:१ मध्ये क्रियापद एकवचनी. मराठी आदरार्थात बरोबर उलट होतं, नाम एक, क्रियापद अनेकवचनी : 'देव म्हणाले'. टिपणात 'देव म्हणाला' ठेवा, नाहीतर एकेश्वरवादाच्या प्रकरणात वाचक वचनं मोजत बसेल. कुराणात अल्लाह 'आम्ही' म्हणतो, ते गौरवाचं बहुवचन. 'मी' करून टाकू नका, कंसात खुलासा द्या. प्रार्थनेत 'तू'च. विठोबाला आपण अहोजाहो करत नाही, तेव्हा मराठी कानाला ते खटकणार नाही.

आणि तीन उभे रकाने करून शब्दांसमोर शब्द मांडण्याचा मोह आवरा. १९३१ मध्ये बडोदे संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला, त्यात कारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी आहेत. तिथे ते जमतं, कारण अर्ज हा कुठल्याही भाषेत अर्जच राहतो.

रावपुरा

सगळ्यांचं घेऊन असं केलं :

'तिन्ही धर्म एकच देव मानतात, पण "एक"चा अर्थ वेगळा लावतात. यहुदी परंपरेत परमेश्वर एक आहे, त्याला देह नाही आणि त्याचं नाव उच्चारलं जात नाही. ख्रिस्ती धर्मात देव एका सत्त्वाचा, पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत आहे, आणि पुत्राने येशूच्या ठायी एकदाच देहधारण केलं. इस्लाममध्ये अल्लाह एकमेव व निरपेक्ष आहे; त्याला अपत्य नाही, भागीदार नाही. मुहम्मद हे त्याचे शेवटचे प्रेषित.'

वाडी

'भागीदार नाही' छान बसलं. शेवटचं वाक्य मात्र मघाच्या मसुद्यात नव्हतं.

फतेगंज

आणि त्यात नवी अडचण आहे. मराठी बायबलात 'प्रेषित' म्हणजे येशूने पाठवलेले शिष्य. 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तकच आहे. यशया, यिर्मया यांना तिथे 'संदेष्टा' म्हणतात. आमच्याकडचा वाचक 'प्रेषित मुहम्मद' वाचून त्यांना पौलासारख्या ख्रिस्ती प्रेषितांच्या रांगेत बसवेल.

वाडी

अरबीत दोन शब्द आहेत : 'नबी', ज्याला अल्लाहकडून संदेश मिळतो तो, आणि 'रसूल', ज्याला तो देऊन पाठवलं जातं तो. रसूलला 'प्रेषित' अगदी शब्दशः बसतो. पण 'शेवटचे' म्हणायचं असेल तर कुराणातला शब्द 'खातम अन्-नबीय्यीन' (३३:४०) आहे, म्हणजे तिथे नबी.

रावपुरा

मग 'शेवटचे पैगंबर'. फारसी आहे, मराठीत जुना आहे, आणि चर्चमध्ये कोणी वापरत नाही.

फतेगंज

चालेल. 'व्यक्ती'ला जोडायचं ते वाक्य तेवढं विसरू नका.