गंजकी ८००: आधी पत्रा बघायचा की इंजिन?

घाटावरचा पाना
काल इथे एकाने उत्साहाने टाकलं: रत्नागिरीकडची १९९८ ची मारुती ८००, चार गियरची, कार्ब्युरेटरवाली, मागणी अठ्ठावीस हजार. "इंजिन मख्खन आहे, खाली थोडाफार गंज, लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की नवी." खाली अंगठ्यांची रांग. गंज नेमका कुठे आहे, हे एकानेही विचारलं नाही.

८०० ला वेगळी चासी नसते. पत्र्याची पेटी हीच चासी. त्यामुळे दाराच्या खालच्या कडेचा गंज आणि रनिंग बोर्डचा, म्हणजे दारांखालच्या लांब पेटीचा गंज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दाराचा गंज दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. रनिंग बोर्ड आतून पोकळ असतो, पाणी आत साचतं, आणि बाहेरून फोड दिसेपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो.

बघायला जाताना स्क्रूड्रायव्हर, लोहचुंबक आणि टॉर्च न्या. मॅट उचलून ड्रायव्हरच्या पायाखालचं काळं डांबरी शीट सोलून बघा. बॉनेट उघडून दोन्ही ॲप्रन, म्हणजे पुढच्या चाकाचा स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉकॲब्सॉर्बर) जिथे वर बोल्टने बसतो ती जागा, आणि बॅटरीच्या ट्रेखाली ॲसिडने खाल्लेला पत्रा. पुढे स्टॅबिलायझर बारचे ब्रॅकेट. ८०० मध्ये हाच बार लोअर आर्मला (चाक खालून धरणाऱ्या दांड्याला) मागे-पुढे धरून ठेवतो. ब्रॅकेट सुटला तर ब्रेक मारताना चाक मागे सरकणार. मागे ट्रेलिंग आर्म (मागची चाकं धरणारे दांडे) जिथे फ्लोअरला जोडलेत ती जागा, आणि डिकीत स्टेपनीचा खड्डा. चुंबक पकडत नसेल तिथे लांबी आहे, पत्रा नाही.

ॲप्रन, ब्रॅकेट किंवा ट्रेलिंग आर्मची जागा यांपैकी एकही कुजलेली असेल तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. त्यापेक्षा सोलापूर-नगरकडची, धूर ओकणारी पण पत्र्याने सुकी गाडी घ्या. इंजिनाचं काम म्हणजे तीन पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, बोअरिंग, हेड फेसिंग. तालुक्याच्या गावात होतं आणि खर्च आधी सांगता येतो. पत्र्याचा खर्च कापायला घेतल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

खाडीकाठ
घाटावर बसून कोकणातल्या गाड्यांना नावं ठेवायला काय जातं! चार महिने पाऊस, वर खारा वारा, त्यात गाड्या गंजतात हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणूनच पत्रेकाम कुठे चांगलं होतं तेही आम्हाला विचारा.

फ्लोअर आणि रनिंग बोर्ड बदलता येतात, आणि त्यात काही जादू नाही. सीट, कार्पेट काढा. बॅटरीची वायर सोडा, पेट्रोलची टाकी उतरवा. गाडी चार ठिकाणी सारख्या उंचीवर टेकवा आणि कापण्याआधी दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत, नाहीतर पेटी मधे बसते आणि नंतर दारं लागत नाहीत. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. २० गेजचा सीआरसी पत्रा, सीओटू वेल्डिंग, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे टाके, एक इकडे एक तिकडे. सलग ओढलं की पत्रा पापडासारखा वळतो. मग इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीम सीलर, आणि पोकळीत भोकांतून मेण. पाणी जायची भोकं मात्र उघडी ठेवायची. अर्ध्या गाड्या कुजतात त्या ही भोकं अंडरकोटिंगने बुजवल्यामुळे.

इंजिन स्वस्तात होतं म्हणता, तर क्रँक झिजून किती अंडरसाइझ (मापापेक्षा बारीक) झालाय ते उघडल्याशिवाय कळतं का? तो खर्चही आधी सांगा.

घाटावरचा पाना
कृती अचूक आहे, मान्य. फक्त ती करणारा पत्रेवाला अठ्ठावीस हजारांच्या गाडीसाठी दिवस घालवेल का? व्यवहारात गॅस वेल्डिंगने पितळी रॉड लावून ठिगळ, नाहीतर ॲल्युमिनियमची पट्टी रिबिट मारून वर एमसील. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि वर खारट पाणी आलं की आधी ॲल्युमिनियम पांढरं पिठूळ होतं, मग रिबिटाची भोकं सैल पडतात. दोन पावसाळ्यांत ठिगळ हातात. अंडरसाइझचा मुद्दा बरोबर. लिहून ठेवा, अशी कबुली वर्षातून एकदाच देतो.

तीननंबर प्लग
दोघंही पत्र्यात अडकलात. गाडी कार्ब्युरेटरवाली आहे आणि पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, सोडून सहसा काही मिळत नाही, त्याचं काय? इथेनॉल पाणी ओढतं, टाकी आतून गंजते, जुने रबरी पाइप फुगतात, फ्युएल पंपाचा पडदा कडक होतो. पत्रा सोन्याचा बसवलात तरी गाडी रस्त्यात उभी राहणार. साखर कारखान्यांचं भलं करायला आमच्या गाड्यांचा बळी!

मोळीवाला
आलं उसावर! पत्र्याचा धागा असो की पावसाचा, शेवटी शिव्या ऊसवाल्याला. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक लगाम घातला, तेव्हा कारखान्यांचं गणित कुणामुळे बिघडलं? एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) थकली की शेतकऱ्याच्या बाजूने इथे एकही धागा निघत नाही. आणि आता इथेनॉल जास्त धान्यातून येतं, मक्यातून. शिव्या तरी योग्य पत्त्यावर घाला.

तीननंबर प्लग
मक्यातून आलं म्हणून ॲव्हरेज वाढत नाही, भाऊ. पेट्रोलमध्ये लिटरला साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं की सात टक्क्यांच्या आसपास ऊर्जा गेली. भाव तेवढा उतरला का?

मोळीवाला
भाव पंपवाला ठरवत नाही आणि शेतकरी तर नाहीच. तुमचं भांडण दिल्लीशी, काठी मात्र आमच्या पाठीत.

चाकबंदी
दोघांनीही जरा थंड घ्यावं. इथे अर्धं खरं आणि अर्धी भीती चाललीय.

शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ (एक भाग इंधनाला तेवढे भाग हवा), ई-२० ला साडेतेराच्या आसपास. जेट (कार्ब्युरेटरमधली इंधन सोडणारी बारीक भोकं) तेच राहिले तर मिश्रण पातळ होणार, म्हणजे इंधन कमी पडणार. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ते सावरून घेतो, कार्ब्युरेटरला सेन्सरच नाही. पण ही गाडी आधी ई-१० वर चालत होतीच. तिथून फरक चारेक टक्क्यांचा. लक्षणं ओळखीची: चोक जास्त वेळ लागतो, ॲक्सिलरेटर दाबताच अडखळते, प्लगची टोकं पांढरट. मिक्स्चर स्क्रूने फक्त आयडलिंग सुधारतं. चालत्या गाडीतली कमतरता मेन जेट एक पायरी मोठा घातल्याशिवाय जात नाही. जेटमध्ये पिन घालून भोक मोठं करणाऱ्याच्या हातून कार्ब्युरेटर काढून घ्या.

पाइपांचं म्हणणं खरं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे, रिटर्न लाइनसकट, इथेनॉल सोसणारे घ्या. मीटरवर मिळणारी साधी काळी नळी नको. पंपाचा पडदा आणि निडल व्हॉल्व्ह बदला. पहिल्या दोन टाक्यांत जुनी घाण सुटून येते, म्हणून फिल्टर दोनदा बदलायची तयारी ठेवा.

टाकी आतून गंजते याला मात्र पूर्ण पाठिंबा नाही. ई-१० सुद्धा साधारण अर्धा टक्का पाणी विरघळवून इंजिनातून जाळून टाकतं, ई-२० त्याहून जास्त. पाणी वेगळं होऊन तळाला बसतं ते गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की. रोज चालणाऱ्या ८०० ची टाकी बाहेरून कुजते, टाकी आणि तिच्या पट्ट्यांमध्ये अडकलेल्या लाल मातीने. म्हणजे परत पत्राच.

तीननंबर प्लग
पाइप, पडदा, निडल, जेट, दोन फिल्टर. म्हणजे ई-२० ने काहीच होत नाही, फक्त सगळं बदलावं लागतं. धन्यवाद.

चाकबंदी
अठ्ठावीस वर्षांच्या गाडीत ते पाइप ई-शून्यावरही बदलायचेच होते.

नवा गिऱ्हाईक
मग दिल्लीची का घेऊ नये? तिकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या मातीमोल भावात निघतात, आणि गंजही कमी म्हणतात.

घाटावरचा पाना
एनओसी, इथला कर, नवा नंबर, आरटीओच्या फेऱ्या. आणि १९९८ च्या गाडीला ते करून देणारा सापडला तर त्याचा पत्ता मलाही द्या. गाडी महाराष्ट्र पासिंगचीच घ्या, आणि आरसीवरची मुदत वाचा. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. १९९८ ची गाडी म्हणजे २०१३, २०१८, २०२३. शेवटचं झालेलं असेल तर २०२८ पर्यंत चिंता नाही. झालेलं नसेल तर वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून फीच दहा हजार, वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. अठ्ठावीस हजारांच्या गाडीला हा आकडा कुणी धरला होता का?

खाडीकाठ
घ्या, हा मुद्दा तरी कामाचा निघाला. आणि तुमच्या सोलापूरच्या गाडीलाही तोच लागू, हे लिहायचं राहिलं वाटतं. शिवाय इंजिन भंगारातून आणून बदललंत तर नंबर आरसीवर चढवावा लागेल. तेव्हा "स्वस्त इंजिन" म्हणजे आहे तेच उघडून करायचं, हेही लिहा.

घाटावरचा पाना
लिहिलं समजा.

रत्नागिरीची गाडी इथे टाकणाऱ्याने आता एवढंच करावं: गाडी रॅम्पवर चढवून वर सांगितलेल्या जागांचे खालून फोटो टाकावेत. सोबत दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या स्टील पाइपांचेही. क्लिपेखाली ते सगळ्यात आधी खाल्ले जातात, आणि बाकी सगळं धडधाकट असलं तरी ते बदलावेच लागतील.

खाडीकाठ
ॲप्रन आणि ब्रॅकेट धड असले तर घेऊ दे त्याला. रनिंग बोर्ड दोन्ही बदलायचे हे धरून भाव अठरा हजारांच्या वर देऊ नये. टाकी उतरवण्याआधी पट्ट्यांच्या बोल्टवर दोन दिवस डिझेल मारत राहा, नाहीतर ते तुटणार आणि वेल्ड-नट फ्लोअरमधून उपटून येणार.