पंखवाला शरभ: पंख पाठीवर चिकटवल्यासारखे दिसतात, रचनेत चूक कुठे?

कोथरूडचा_चिखल्या

नमस्कार मंडळी. गणपतीच्या आरासीसाठी पंखवाला शरभ करतोय. शिल्प ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, मग रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट, उंची साधारण २२ सेंमी. शिवनेरीच्या किंवा इतर किल्ल्यांच्या दरवाज्यांवर असतो तसाच: सिंहाचं धड, उघडा जबडा, पुढच्या पंजाखाली हत्ती. फक्त तिथला उठाव सपाट असतो, मला तो चारही बाजूंनी फिरून बघता येईल असा आणि खरं जनावर वाटेल असा हवाय. जुन्या ग्रंथांतला आठ पायांचा शरभ नको, चारच पाय. पंख पिसांचे आणि मिटलेले.

समोरून बरा दिसतो. बाजूने बघितलं की पंख फेविकॉलने पाठीवर डकवलेत असं वाटतं. पुढचा उजवा पाय उचलून हत्तीवर ठेवला की खांदा चुरगळतो आणि पंखाचं मूळही सोबत ओढलं जातं. व्हॉक्सेल रीमेश (सगळा पृष्ठभाग बारीक घनांच्या खान्यांवरून नव्याने बांधणं) मारला की मिटलेला पंख बरगड्यांना जाऊन चिकटतो तो वेगळाच ताप. मेश (मॉडेलच्या पृष्ठभागाची जाळी) एकसंध आहे, मल्टिरेझोल्यूशन, म्हणजे बारकाव्यांसाठी जाळी पातळीपातळीने बारीक करणारं साधन, अजून लावलेलं नाही.

चार पाय अधिक दोन पंख, म्हणजे खांद्यांच्या दोन जोड्या. त्या बसवायच्या कुठे? आणि हा उडू शकेल का, या गणितात शिरावं का?

हाडांचा_हिशेब

उडण्याचं आधी उरकून टाकू. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं, पंखाचं क्षेत्रफळ चौपटच. आजचे सर्वांत जड उडणारे पक्षी माळढोकाच्या कुळातले, त्यांची धाव वीस किलोच्या आसपास संपते. क्वेट्झलकोॲटलस हा टेरोसॉर (डायनासोरांच्या काळातला उडणारा सरीसृप) साधारण २०० ते २५० किलोचा मानतात, म्हणजे आपल्या वाघाच्या नराएवढा, आणि त्याचा पंखविस्तार दहा मीटरच्या घरातला. तुमचा शरभ दरवाज्यात मावणार नाही. तेव्हा तो नाद सोडा आणि पंख हलवणारं स्नायूंचं यंत्र तेवढं पटेल असं करा.

पंख डकवल्यासारखा दिसतो, कारण तो अगदी कण्याजवळ, पाठीच्या माथ्यावर बसवलेला असतो. तिथून त्याला खाली ओढणार कोण? पक्ष्याचा पंख खाली मारणारा मोठा स्नायू छातीवर असतो. पंख वर उचलणारा मुख्य स्नायूही छातीवरच, त्याची दोरी खांद्याच्या हाडांमधल्या भोकातून कप्पीवरून फिरावी तशी वळून वर जाते. खात्री करायची असेल तर चिकनवाल्याकडून पंखांसकट अख्खी कोंबडी आणा, छातीच्या मोठ्या मांसाखालची लांबट पट्टी मोकळी करा आणि खांद्याकडे जाणारी तिची पांढरी शीर ओढा. पंख उचलला जातो.

तर पहिलं काम, पंखाचा सांधा पाठीवरून खाली आणा. बाजूने बघताना छातीच्या पिंजऱ्याची जी उंची दिसते तिच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या खालच्या कडेला. तिथून उरोस्थीपर्यंत (छातीच्या मधल्या हाडापर्यंत) तिरकं, खाली आणि मागे जाणारं एक टेकू हाड द्या. पक्ष्यात त्याला कोराकॉइड म्हणतात. ते नसेल तर छातीचा स्नायू आवळला की पंखाचा खांदाच उरोस्थीकडे दाबला जाईल. हे हाड उघडं दिसणार नाही, पण कोपराच्या मागे कातडीखाली त्याची पुसट धार आली की बघणाऱ्याला पंख आतून रुजलेला वाटतो. नेमकी हीच धार बहुतेक ड्रॅगनांना नसते.

दुसरं, जागा. मांजरकुळात मानेचे ७, छातीचे १३ आणि कमरेचे ७ मणके. पुढच्या पायाचं पातं (खांद्याचं चपटं हाड) छातीच्या पहिल्या चार-पाच मणक्यांच्या बाजूला असतं. पंखाचं पातं त्याच्या मागे हवं, मध्ये निदान एका मणक्याची फट ठेवून, नाहीतर दोन्ही एकमेकांवर घासतात. त्यासाठी छातीचे तीन मणके आणि तीन बरगड्या वाढवा. १६ होतील. घोड्याला १८ असतात, त्यामुळे डोळ्याला खटकत नाही. कमरेतले दोन कमी करा म्हणजे एकूण धड ताणल्यासारखं दिसणार नाही. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गवा बघितला असेल तर त्याच्या पाठीचा उंच कणा आठवा. ती चरबी नसते, मणक्यांचे वर वाढलेले काटे असतात. पंखाच्या पात्यामागे तसा थोडा उंचवटा दिला की वरच्या स्नायूंना धरायला जागा मिळते.

आता चुरगळणारा खांदा. मांजरीच्या गळपट्टीचं हाड म्हणजे एक छोटीशी काडी, खांद्याला पोचत नाही. पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नसतो, धड दोन पात्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. कात्रजलाच वाघ किंवा बिबट्या फेऱ्या मारत असेल तर फक्त पात्याच्या वरच्या टोकाकडे बघा. पंजावर भार आला की ते टोक कण्याच्या रेषेच्या वर येतं, पाय सुटला की बुडतं. (बुधवारी जाऊ नका, बंद असतं.) तुम्ही बहुतेक पाय माणसाच्या खांद्यासारखा एकाच गोळीत फिरवताय. पाय पुढे उचलताना पात्याचा खालचा भाग पुढे आणि वरचा मागे जातो, म्हणून पात्याला स्वतःचा बोन (ब्लेंडरमधलं पोझ देणारं हाड) द्या आणि ह्युमरसचा, म्हणजे दंडाच्या हाडाचा, बोन त्याच्या पोटात घाला. पंखाचा बोन मात्र थेट छातीच्या बोनला जोडा, पुढच्या पायाच्या साखळीला नको. पंख ओढला जातोय तो त्यामुळेच.

एक गफलत मागच्या पायात होते म्हणून सांगून ठेवतो. मागे वाकलेला जो सांधा दिसतो तो गुडघा नव्हे, टाच. गुडघा वर, पोटाच्या घडीजवळ, पुढे वळलेला. तो खाली घेतला की सिंहाचा कुत्रा होतो.

घारीवर_नजर

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत, पण कोराकॉइडच्या धारेला एवढं महत्त्व मी देणार नाही. पंख मिटलेले आहेत, ती जागा अर्धीअधिक पिसांखाली जाणार. मिटलेल्या पंखाची घडी चुकली तर आतली हाडं कितीही बरोबर असोत, पंख खोटाच दिसणार.

घडी इंग्रजी झेडसारखी. खांद्यापासून वरचं हाड मागे, कोपरापासून पुढचं हाड परत पुढे, मनगटापासून हात पुन्हा मागे. म्हणजे मिटलेल्या पंखाचं मनगट खांद्याजवळ पुढे येतं आणि कोपर मागे, मांडीच्या दिशेला. बरेच जण पुढचं हे टोक म्हणजे खांदा समजून बसतात आणि मग घडी उलटी घालतात. पंखाच्या खांद्यापासून कमरेच्या हाडापर्यंतचं अंतर १०० धरलं तर वरचं हाड ५०, पुढचं ५५, हात ४० च्या आसपास ठेवा. कोपर मांडीला लागत नाही आणि हातावरची लांब पिसं शेपटीच्या मुळापलीकडे पोचतात.

दुसरी हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेला कातडीचा पडदा, कोपराच्या खळगीसमोरचा. विंग्ज आणताना सोललेल्या घेऊ नका, कातडीसकट मागा आणि कोपर ताणून बघा, पडदा लगेच दिसेल. हा नसला की पंख म्हणजे पिसं लावलेला हात. मिटल्यावर तो पडदा आत आवळला जातो आणि पंखाची पुढची कड एका गोल, भरीव रेषेत येते.

आणि कोपर वाकवलं की मनगट वाकतंच. कोपर ते मनगट या भागातली दोन हाडं एकमेकांसमांतर सरकतात आणि दोन्ही सांधे बांधून ठेवतात. पोझ देताना एक ताठ, एक दुमडलेला असं करू नका.

पिसांचं थोडक्यात: लांब पिसं हातावर दहाच्या आसपास, त्यामागची ओळ पुढच्या हाडावर, त्यांच्या मुळांवर आखूड पिसांच्या दोन-तीन ओळी, पुढे जाऊ तशा बारीक होत जाणाऱ्या. ओळी धडावर संपवताना शेवटची पिसं आयाळीच्या केसांत विरघळवा. सरळ रेषेत संपवलीत तर परत फेविकॉल. घार तारेवर किंवा झाडावर बसलेली असताना मोबाईलने मागून आणि बाजूने फोटो घ्या. नदीपात्रावर ढिगाने असतात.

वायरफ्रेम_वाडा

रीमेशचं सांगतो. व्हॉक्सेल रीमेश त्याच्या खान्यापेक्षा लहान फट ओळखत नाही. मॉडेल २ युनिट लांब आणि व्हॉक्सेल ०.०४ असेल तर ०.०४ हून अरुंद फट बुजणारच. व्हॉक्सेल बारीक करत बसू नका, मेश फुगेल. पंख शेवटपर्यंत वेगळं ऑब्जेक्ट ठेवा. तसाही प्रिंटला तो वेगळाच लागेल.

सुरुवात परत करायची तयारी असेल तर असं करा. छातीचा पिंजरा एक ताणलेला गोल, कमर एक चपटा डबा, कवटी एक गोल, पाती चपट्या त्रिकोणी पाट्या, पायाचं प्रत्येक हाड एक सिलिंडर, सगळे सुटे. सांध्यांच्या जागी एम्प्टी (नुसती खूण दाखवणारं रिकामं ऑब्जेक्ट). या सांगाड्यावरच पोझ तपासा: पाय हत्तीवर ठेवून बघा, कोपर छातीत घुसतंय का, पंखाचं पातं पुढच्या पात्याला भिडतंय का. व्ह्यूपोर्ट शेडिंग फ्लॅट, रंग काळा करून नुसती बाह्यरेषा बघा. इथे पटलं नाही तर पुढे क्ले स्ट्रिप्सच्या ब्रशने कितीही माती चढवली तरी पटणार नाही.

मग धडाचे तुकडे जोडण्याआधी स्केल अप्लाय करा. ते विसरलं की व्हॉक्सेलचा आकडा एक आणि निकाल भलताच, शिवाय ब्रश एका दिशेला ताणलेला चालतो. जोडल्यावर ०.०४ ला रीमेश, मोठे स्नायू बसवा, मग ०.०२. बारकावे अजिबात नाहीत, पुढच्या रीमेशमध्ये ते पुसले जातात. आकार ठरला की क्वाड रीमेशने २०,००० चौकोनांची स्वच्छ मेश काढा आणि त्यावर मल्टिरेझोल्यूशन. प्रत्येक पातळीला चौपट होतात, म्हणजे तिसऱ्या पातळीला १२.८ लाख, चौथ्याला ५१ लाखांच्या वर. २२ सेंमीच्या मूर्तीला चौथी पुरे.

आर्मेचर मॉडिफायर (बोनांप्रमाणे मेश वाकवणारा) यादीत मल्टिरेझोल्यूशनच्या वर ठेवा, म्हणजे वाकते ती हलकी मेश आणि बारकावे त्यावर स्वार होतात. पोझ दिली की सिमेट्री बंद. उचललेल्या पायाच्या बाजूला काखेपुढची कातडी ताणली जाते आणि पात्यावर घड्या पडतात, दुसऱ्या बाजूला भार आल्याने पातं वर येतं. हे हाताने करा, वेट पेंटिंगने (कुठला बोन मेशला किती ओढतो ते रंगवून) ते येत नाही.

कोथरूडचा_चिखल्या

जबरदस्त. सांगाडा नव्याने मांडायला घेतोय. एकच शंका: छातीवर पंखाचा स्नायू भरला की पुढच्या पायाचं कोपर त्यावर चढतं. स्नायू कमी करू की कोपर बाहेर काढू?

हाडांचा_हिशेब

कोपर बाहेर काढलं तर बुलडॉगसारखी फेंगडी चाल दिसेल. स्नायूचा फुगवटा कोपराच्या मागे आणि खाली सरकवा, छातीची खोली आठ-दहा टक्के वाढवा. पुढून बघताना छाती गोल न करता खाली निमुळती ठेवा, तळाला उरोस्थीची बोथट धार. मग कोपर त्या उतारावर बसतं. पुढच्या पायाला मागे खेचणारा पाठीचा रुंद स्नायू पंखाच्या पात्याखालून न्या, वरून नको.

पंजाचंही बघा. मांजर पुढचा हात आतल्या बाजूला वळवू शकते, त्यामुळे हत्ती धरताना तळवा थोडा आत वळलेला, बोटं फाकलेली, नखं बाहेर. मोकळ्या पंजांची नखं मात्र आत. चारही पंजांची बाहेर काढलीत तर पकड दिसतच नाही.

रेझिनवाला_नारायण_पेठ

पिसांची टोकं १ मिमीच्या खाली नेऊ नका, सपोर्ट (छापताना लागणारे तात्पुरते टेकू) काढतानाच तुटतात. पिसांच्या ओळींमधली पायरी निदान ०.३ मिमी, नाहीतर प्रायमर आणि दोन हात रंगात सपाट होते. आयाळीत एकेक केस कोरू नका, जाड बटा करा.

पंखाचा काप पिसांच्या आखूड ओळीच्या कडेखाली घ्या, सांधा दिसत नाही. खुंटी चौकोनी, प्रत्येक बाजूला ०.१५ ते ०.२ मिमी मोकळीक. गोल केलीत तर डकवताना पंख फिरतो. धड पोकळ करणार असाल तर भिंत २.५ मिमी आणि ४ मिमीची निदान दोन भोकं, एक पोटाखाली, एक प्लेटकडे (प्रिंटरमध्ये मूर्ती जिला चिकटून छापली जाते तिच्याकडे) राहणाऱ्या बाजूला. एकच भोक ठेवलं तर आत निर्वात होऊन प्रिंट प्लेटवरून सुटते. आतलं कच्चं रेझिन आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) नीट धुऊन आतूनही यूव्ही द्या. राहिलं तर काही आठवड्यांनी पोटाला तडा जाऊन चिकट पाणी सुटतं, तेही मखरातल्या कापडावर.

हत्ती वेगळा छापा. पंजा आणि हत्तीची पाठ एकत्र छापली तर मधल्या फटीतला सपोर्ट काढताच येत नाही.