वजन, वस्तुमान की भार?

कोरी पाटी: मंडळी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पाट्या मराठीत करतेय. मी सरळ लिहिलं, ६० किलोच्या माणसाचं वजन चंद्रावर १० किलो भरेल. तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारली, म्हणे वस्तुमान ६० किलो आणि ते तिथेही तेवढंच, वजन पृथ्वीवर ५८८ न्यूटन नि चंद्रावर ९७. असेल बरोबर, पण पाचवीतल्या पोराला ९७ न्यूटन वाचून काय कळणार? काहीतरी सुचवा, पाट्या छापायला जायच्यात.

खडूफळा: तपासणारे बरोबर. वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती ते, वजन म्हणजे गुरुत्व तिला खेचतं ते बल, ते न्यूटनमध्ये मोजायचं. किलोत लिहिलं की आम्ही मार्क कापतो.

वाणसामान: कापा सर, पण दुकानात येऊन तुम्हीही पाच किलोच कांदे मागता, ४९ न्यूटन नाही 😀 आणि गंमत बघा, आमचा जुना दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर नेला तरी पाच किलो ते पाच किलोच भरणार, कारण कांदे हलके झाले तसं पलीकडचं मापही हलकं झालं. स्प्रिंगचा ताणकाटा नेलात तर आठशेतीस ग्रॅमच्या आसपास दाखवेल. हल्लीचा इलेक्ट्रॉनिक काटाही आतून बलच मोजतो, किलो नुसतं लिहून दाखवतो. म्हणजे तराजू मोजतो वस्तुमान आणि आम्ही पिढ्यानपिढ्या त्याला वजन म्हणतोय.

गोदाकाठ: मुळात वजन हा शब्दच अरबी. आपला भार आहे की चांगला, हिंदीवाल्यांनी द्रव्यमान आणि भार अशी वाटणी करून टाकली, आपणच अडून बसलोय.

नसती उठाठेव: भार नकोच. आम्ही शाळेत अणुभार शिकलो, तिथे अर्थ वस्तुमानाचा. विजेचा भार वेगळा, भारनियमन वेगळं, एका शब्दावर किती लादणार? आणि अरबी म्हणून वजन काढलंत तर फाईलवर काय ठेवणार, भार? त्याने कागद हलत नाही.

गोदाकाठ: ते काम परकीय शब्दानेच केलेलं बरं.

खडूफळा: भारहीन अवस्था तरी कुठे बरोबर आहे? अंतराळ स्थानक ४०० किमीवर, तिथे गुरुत्व इथल्या जवळजवळ ९० टक्के आहे. स्थानक आणि आतला माणूस सोबतच पडत असतात म्हणून काट्यावर दाब येत नाही, एवढंच. स्कायलॅब या अमेरिकेच्या अंतराळ स्थानकावर १९७३ सालीच अंतराळवीरांना स्प्रिंगच्या खुर्चीत बसवून हेलकावे मोजायचे आणि त्यावरून वस्तुमान काढायचे.

कोरी पाटी: हे भारी आहे, पण पाटीवर काय लिहू?

वाणसामान: अहो घोळ जुनाच आहे. शेर घ्या, भांड्याने मोजायचा मापी शेर वेगळा, तराजूत तोलायचा वजनी शेर वेगळा. आजी ज्वारी अधोलीच्या मापाने मोजायची, दोन अधोल्यांची पायली, म्हणजे चार शेर.

नसती उठाठेव: मापी की वजनी?

गोदाकाठ: आणि चार शेर कुठल्या गावाला? आमच्याकडची पायली मोठी असायची.